आधी खळं, मग वावर

प्रश्न: सुभेदार काकाजी, रामराम. मी समुद्रपूर तालुक्यातला शेतकरी, वय 34. कपाशी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा. दिवाळीनंतर मोटारपंपाच्या सामानासाठी नागपूरला गेलो होतो. तिथं भंगाराच्या दुकानात चामड्याची एक फाटकी थैली दिसली. आत गोल्फच्या सहा काठ्या आणि मोज्यात भरलेले अकरा चेंडू. 900 रुपयांत सौदा झाला. काठ्यांवर 3, 5, 7, 9 असे आकडे आहेत, एकीवर नुसता एस आहे आणि एक सपाट तोंडाची आहे. मी गावच्या क्रिकेट टीमचा ओपनर आहे, त्यामुळे वाटलं, थांबलेला चेंडू मारायला काय लागतं! पंधरा दिवस झाले. चेंडू एक तर जागचा हलत नाही, नाहीतर उजवीकडे वळत वळत शेजाऱ्याच्या तुरीत जातो. अकरापैकी सात उरले आहेत. गावात मला 'लाटसाहेब' म्हणायला लागले. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. इथं ना मैदान, ना शिकवणारा. हरभरा निघाला की चार एकर वावर मोकळं होईल, तिथं सराव केला तर जमेल का? सुरुवात कोणत्या काठीनं करू? आणि 9 नंबरच्या काठीचं तोंड उलटीकडे का आहे?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर: बापू, तू माझ्या पोराच्या वयाचा आहेस, म्हणून 'तू'च म्हणतो. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. तुझ्यावर नाही, स्वतःवर. तुझ्या पत्रातला तुरीतला चेंडू काढून तिथं मेसची खिडकी ठेवली, की ती माझीच गोष्ट होते.

मी 1986 साली फौजेत भरती झालो. पहिल्या दोन वर्षांतच माझी फटीक, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाची पाळी, एका छावणीच्या गोल्फ मैदानावर लागली. गवत कापायचं, पाणी मारायचं, साहेब लोकांचे हरवलेले चेंडू शोधायचे. तिथं उत्तर प्रदेशातले एक म्हातारे माळी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी खेळ शिकवा म्हणून मागं लागलो, तर त्यांनी माझ्या हातात सपाट तोंडाची काठी दिली आणि म्हणाले, महिनाभर दुसरीला हात लावायचा नाही. मला तो अपमान वाटला. विटी-दांडूत माझा टोला गावच्या नाल्यापलीकडे जायचा, आणि हा माणूस मला चेंडू लोटायला सांगतो! आठव्या दिवशी संध्याकाळी कोणी नाही असं पाहून मी लाकडी डोक्याची सर्वांत लांब काठी काढली आणि जीव खाऊन फिरवली. चेंडू आधी सरळ गेला, मग उजवीकडे वळायला लागला आणि मेसच्या खिडकीतून आत गेला. आत मेजरसाहेब चहा पीत होते. सात दिवस जादा ड्युटी. आठव्या दिवशी चाचांनी काही न बोलता पुन्हा तीच सपाट काठी हातात दिली.

ही काठी म्हणजे पटर. तुझ्या थैलीतलं खरं धन तेच आहे, आणि पंधरा दिवसांत तू त्याला हातही लावला नसशील, हे मी पत्र न वाचताही सांगितलं असतं.

आता हिशेब बघ. मोठ्या मैदानाला अठरा भोकं असतात. प्रत्येक भोकाला किती फटके लागावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. तो बहुतेक 3, 4 किंवा 5 असतो. अठरांची बेरीज बऱ्याच मैदानांवर 72 येते. त्या 72 मध्ये प्रत्येक भोकाजवळचे दोन फटके पटरचे धरलेले असतात. म्हणजे छत्तीस. निम्मा खेळ भोकाजवळच्या गुळगुळीत जागेवर होतो आणि माणूस सराव कशाचा करतो? तर आभाळात चेंडू घालण्याचा! खेळ उलटा शिकायचा असतो. आधी भोक, मग भोकाजवळ, आणि मग दूर.

त्यासाठी तुला चार एकर लागत नाही, खळं लागतं. हल्ली मळणीयंत्र दारात येतं, त्यामुळे खळी मोडली, तरी तुझ्या वावरात जुनं खळं असेलच. नसेल तर अंगण चालेल. खळं टणक करून शेणानं सारवून घे. वरून कोणी बैल घेऊन गेला नाही, तर चेंडू त्यावर असा पळतो की पुण्यातल्या हिरवळीनं लाजावं. थट्टा समजू नकोस. मी राजस्थानातल्या एका छावणीत तीन वर्षं काढली. तिथं पाणीच नव्हतं, त्यामुळे ग्रीनच्या (भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीच्या) जागी ब्राउन असायचे, म्हणजे बारीक रेतीत जुनं इंजिन ऑइल कालवून दाबलेला गोल. फटक्याआधी लाकडाची फळी ओढून आपली वाट सपाट करायची आणि मग पटर घ्यायचं. कितीतरी फौजी त्याच्यावरच शिकले. तू मात्र ऑइलच्या नादी लागू नकोस, वावरातली माती खराब होते. आपलं सारवण त्याहून बरं.

भोकाची मोठी चिंता तुझी मिटलेलीच आहे. नियमानं भोक 108 मिलिमीटर रुंद आणि कमीत कमी 101.6 मिलिमीटर खोल लागतं. तुझ्याकडे ओलिताचा 110 चा पीव्हीसी पाइप असेल. त्याचा वीतभर तुकडा काप. आतून तो 108 पेक्षा थोडा अरुंद भरतो, ते तर चांगलंच. अरुंद भोकात पडायला शिकलेला चेंडू मैदानावर सुखात पडतो. तुकडा जमिनीत पुरताना त्याची वरची कड जमिनीपासून इंचभर खाली राहू दे, नियमही तोच आहे. वर राहिली तर चेंडू कडेला आपटून उडेल. निशाणाला तुराटी रोव आणि तिला लाल चिंधी बांध. पाहणाऱ्याला वाटेल पाखरं हाकायला लावली आहे. वाटू दे.

पटर धरताना खांदे हलू देत, मनगटं नाही. पाळण्याला जसं हळूच सोडतो तसं. सुरुवातीला एक पाऊल अंतरावरून लागोपाठ वीस चेंडू आत गेले पाहिजेत. एकोणिसावा हुकला तर पुन्हा एकपासून. हे वाचायला पोरकट वाटतं, करायला बस, मग सांग. मग दोन पावलं. मग पाच पावलांवरून वेगळा खेळ: आत टाकायचंच नाही, फक्त भोकाच्या आसपास हातभर अंतरात थांबवायचा. नवीन माणूस दिशेची काळजी करतो, पण चुकतं ते अंतर. तीन पावलं डावीकडे गेलेला चेंडू मी क्वचित पाहिला, तीन पावलं पुढं गेलेले रोज पाहतो.

पहिला महिना एवढंच. दुसऱ्या महिन्यात 7 नंबरची काठी काढ. (खेळणारे तिला क्लब म्हणतात. पण जिथं खेळतात त्यालाही क्लबच म्हणतात. गोंधळ नको, म्हणून मी काठीच म्हणतो.) खळ्याच्या कडेपासून दहा पावलं मागं उभा राहा आणि मधे एक रिकामं पोतं अंथर. दोन्ही पाय जवळ, वजन डाव्या पायावर, हात काठीच्या डोक्यापेक्षा थोडे पुढं, आणि हालचाल पटरसारखीच. चेंडू पोत्यावर पडला पाहिजे आणि तिथून घरंगळत भोकाकडे गेला पाहिजे. भोकाकडे पाहायचंच नाही, पोत्याकडे पाहायचं. याला चिप म्हणतात. यातही पंधरा दिवस गेले तर जाऊ दे.

आता तुझ्या मोठ्या दुखण्याकडे येतो.

चेंडू जागचा हलत नाही, याचं कारण तू त्याला उचलायला जातोस. खालून पंजा घालून वर फेकल्यासारखं. मग काठी आधी मागच्या जमिनीत घुसते, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर टपली मारते. बापू, चेंडू उचलणं हे लोखंडाचं काम आहे, तुझं नाही. काठीचं तोंडच तिरपं घडवलेलं असतं. तुझ्या 7 नंबरला अंदाजे 34 अंशांचा तिरपेपणा असेल, एस असलेल्या काठीला 56 च्या आसपास, आणि पटरला तीन-चारच. तू खाली मार, चेंडू आपोआप वर जाईल. विश्वास बसत नसेल तर राखेनं जमिनीवर एक रेघ ओढ आणि चेंडूशिवायच काठी फिरव. काठी घासल्याची खूण रेघेच्या पुढं, निशाणाच्या बाजूला उमटायला हवी. रेघेच्या मागं उमटते आहे तोवर चेंडू ठेवूच नकोस. मी शिलाँगला असताना हे एका हवालदाराला शिकवलं. त्याला दोन महिने लागले, आणि तो कुस्तीगीर होता. तिथलं मैदान 1898 सालचं, चारी बाजूंनी पाइनची झाडं. तो हुकला की चेंडू झाडांत, आणि बाकीचे सगळे शोधायला.

चेंडू उजवीकडे वळतो त्याला स्लाइस म्हणतात. चेंडूला काठीचं तोंड लागताना ते उघडं राहतं आणि काठी बाहेरून आत ओढली जाते, म्हणून चेंडूला बाजूची फिरकी मिळते. त्यात तू ओपनर. चौका मारायच्या सवयीनं आधी खांदे उघडतोस, हात मागून येतात. उपाय दोन. पहिला, डावा हात काठीवर थोडा आत वळव. वरून पाहिलं तर त्या हाताची दोन बोटमुळं दिसायला हवीत. दुसरा, मारताना वाटू दे की आपण उजव्या धुऱ्याकडे मारतो आहोत. उलटं वाटतं खरं, पण करून बघ.

आणि सर्वांत महत्त्वाचं, काठी आवळू नकोस. तू डवरणी केली आहेस. रुमणं आवळून धरलं की डवरा उड्या मारतो, तासात बसत नाही. सैल धरलं की पात मोकळी होते. हाताला तेवढंच वजन दे. काठी तळव्यात नाही, बोटांत धरायची, डावा हात वर, उजवा खाली, बॅटीसारखंच. जुने खेळाडू उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवतात. तुला ते अवघड वाटत असेल तर दहाही बोटं नुसती एकाखाली एक ठेव, काही बिघडत नाही.

उभं राहण्याबद्दल फार लिहीत नाही. पाय खांद्याएवढे लांब, 7 नंबरसाठी चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध, आणि वाकायचं ते कमरेतून, पाठ सरळ ठेवून. भंडारा-गोंदियाकडे रोवणी करणाऱ्या बायकांची पाठ पाहिली असशील तर कळेल, फक्त तेवढं खाली जायचं नाही. आणि सुरुवातीचे दोन महिने काठी कमरेच्या वर न्यायचीच नाही. कमरेपासून कमरेपर्यंत. व्हिडिओतला माणूस काठी मानेमागं नेतो, तो दहा वर्षांनी.

3 नंबरची काठी माळ्यावर टाक. खरंच टाक. शेजाऱ्याच्या तुरीत गेलेल्या चार चेंडूंपैकी किती तिनं घालवले, हे मला पत्रात लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज तीन.

9 नंबरची काठी उलट्या तोंडाची, कारण ती डावखुऱ्या माणसाची आहे. भंगारवाल्यानं दोन थैल्या एक केल्या असणार. फेकू नकोस, गावात कोणी डावखुरं पोर असलं तर त्याला दे. हरियाणाची दीक्षा डागर डावखुरी आहे, तिला ऐकूही कमी येतं, आणि बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये तिनं सुवर्णपदक घेतलं.

काठ्यांच्या मुठी एकदा तपास. जुनं रबर वाळून गुळगुळीत होतं आणि काठी हातून निसटून मागच्या माणसाच्या डोक्यात जाते. नवीन मूठ काही शे रुपयांत मिळते, दुतोंडी टेप आणि थोड्या थिनरनं घरीच चढते. तोवर बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी गुंडाळलीस तरी भागेल. चेंडू खरचटलेले असले तरी सरावाला चालतात. पूर्वी चेंडू गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून करत. नव्या गुळगुळीत चेंडूपेक्षा वापरून खरचटलेला चेंडू जास्त नीट उडतो हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यातूनच आजच्या चेंडूवरचे खळगे आले.

आता वावराचं. हरभऱ्याच्या काळ्या वावरात अजिबात जाऊ नकोस. फाल्गुनात ती जमीन वखरलेली, मऊ आणि उंचसखल. वैशाखात तिला भेगा पडतात, आणि आपल्या भेगा तुला ठाऊक आहेत, त्यात पाय जातो. चेंडू 42.67 मिलिमीटरचा. एकदा भेगेत गेला की पुढच्या पेरणीलाच वर येईल. तुझ्या घरामागं बरड आहे का? जिथं कपाशी येत नाही, नुसतं कुसळ येतं? तीच जागा. विनोद नाही, हा खेळ जन्माला आला तोच असल्या जमिनीवर. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी रेताड पट्टा असायचा, पीक येत नसे, मेंढ्या चरत, आणि रिकामे लोक तिथं खेळत. सेंट अँड्र्यूज म्हणून गाव आहे. तिथं 1764 साली 22 भोकांची 18 केली आणि तोच आकडा पुढं जगभर पसरला. 'लाटसाहेब' म्हणणाऱ्यांना एवढं सांग की स्कॉटलंडच्या राजानं 1457 साली या खेळावर बंदी घातली होती, कारण पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फच्या मागं लागली होती. म्हणजे गावाचा बोभाटा तेव्हापासूनचा आहे.

माझ्याही गावात निवृत्त होऊन आलो तेव्हा एक म्हातारबाबा धुऱ्यावरून ओरडले होते, "काऊन बे सुभेदार, वावरात साप मारून राहिला का?" हाव म्हटलं, मारून राहिलो. आता तेच बाबा संध्याकाळी येऊन बसतात आणि माझे फटके मोजतात. खोटं मोजतात, एक जास्त.

सापावरून. हा खेळ जीवघेणा होऊ शकतो, हसून सोडू नकोस. चेंडू 45.93 ग्रॅमचा, पण दगडासारखा. वेचणीच्या बाया, शेळ्या, धुऱ्यावरून शाळेत जाणारी पोरं, कोणीही समोर असलं तर काठी उचलायचीच नाही. मैदानावर 'फोर' म्हणून ओरडतात. तू 'हटाऽऽ' म्हण, इथं लवकर कळेल. पोकळ प्लास्टिकचे छिद्रांचे चेंडू मिळतात, घराजवळ तेच वापर. झुडपात चेंडू गेला तर हात घालू नकोस, काठीनं चाळव. घोणस आणि मण्यार आपल्याकडे चेंडूपेक्षा जास्त सापडतात. नियमाच्या पुस्तकातही विषारी सापासारख्या धोक्याजवळ चेंडू गेला तर दंड न घेता बाजूला ठेवायची मुभा आहे. शोधायला तीन मिनिटंच द्यायची असतात, ती झाली की चेंडू हरवला. मग जिथून मारला तिथंच परत येऊन एक फटका दंड धरून पुन्हा मारायचा. तुरीत जाऊन अर्धा तास शोधणारा माणूस शेजाऱ्याशी भांडणच शोधत असतो. मृगाच्या तोंडावर ढग गडगडले की लोखंडी काठ्या घेऊन उघड्यावर थांबायचं नाही, झाडाखाली तर मुळीच नाही, घरी ये. उन्हाळ्यात सराव सकाळी सहा ते आठ. त्यानंतर चेंडू हाताला भाजतो.

चार-पाच महिने असं केलंस की मग नागपूर गाठ. तिकडची मैदानं क्लबची नाहीतर फौजेची आहेत, गेटवर सरळ आत सोडत नाहीत. आधी फोन कर, पाहुणा म्हणून येता येईल का विचार. कॉलरचा टी-शर्ट घाल, जीन्स नको, कॅनव्हासचे बूट चालतात. आत गेल्यावर दुसरा मारत असताना गप्प राहायचं, त्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय द्यायचा नाही, रेतीच्या खड्ड्यात गेलास तर पाऊलखुणा दांताळ्यानं पुसून यायच्या. आपल्या काठीनं निघालेलं गवत परत जागेवर दाबायचं. एवढं केलंस तर तुझ्या स्लाइसवर कोणी हसणार नाही. पहिल्या दिवशी 72 च्या जागी 130 लागले तरी लाजू नकोस. हँडिकॅप म्हणून सोय असते, त्यात नवख्याला 54 फटक्यांपर्यंत सूट मिळते, त्यामुळे तू आणि तीस वर्षं खेळलेला कर्नल एकाच सामन्यात बसता.

प्रश्न: सुभेदारसाहेब, आमची संत्र्याची बाग आहे, झाडांच्या मधे सहा-सहा मीटर जागा आहे. मधल्या पट्ट्यात गोल्फ खेळलं तर झाडांची सावलीही मिळेल. कसं राहील?
– एक वाचक, वरुड

उत्तर: संत्र्याला वाईट आणि चेंडूलाही. मृगबहाराची फळं झाडावर असताना तर विचारही नको. पटरचा सराव मात्र झाडाखाली खुशाल करा, तिथं चेंडू कोणाला लागत नाही. आणि ठिबकच्या नळ्या आधी बाजूला करा. माझ्या व्याह्यांनी नाही केल्या.

प्रश्न: आदरणीय सुभेदार साहेब, मी दिग्रस तालुक्यात शिक्षिका आहे. माझी मुलगी नववीत. ऑलिंपिकमध्ये तिनं अदिती अशोकला टीव्हीवर पाहिलं तेव्हापासून डोक्यात गोल्फ आहे. माझे मिस्टर म्हणतात, हा पैसेवाल्यांचा खेळ, आणि ती बारीक आहे, तिच्या हातात ताकद कुठून येणार? आम्ही तिला उगीच स्वप्न दाखवतो आहोत का?

उत्तर: ताई, तुमच्या मिस्टरांचं पहिलं म्हणणं खरं आहे, दुसरं नाही.

आधी दुसरं घेतो. टोकियोची स्पर्धा 2021 साली झाली. मी ती पहाटे उठून पाहिली होती. अदिती बेंगळुरूची, अंगानं साधी, आणि त्या मैदानावर लांब मारण्यात ती शेवटच्या रांगेत होती. बाकीच्या बायका तिच्या कितीतरी पुढं चेंडू टाकायच्या. मग ती कुठं भरून काढायची? भोकाजवळ. चारही दिवस तिचं पटर जसं चाललं तसं दुसऱ्या कोणाचं नाही. शेवटी ती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. तिची थैली उचलायला तिची आई होती, आणि त्याआधी 2016 साली रिओला वडील. घरातलं माणूस सोबत असलं तर काय होतं ते तुम्हीच बघा. वर मी समुद्रपूरच्या पोराला पटरचं एवढं मोठं पुराण सांगितलं, ते तुमच्या मुलीलाही वाचायला द्या. तिची सुरुवातही तीच. नववीच्या मुलीला त्यासाठी अंगण पुरतं.

पैशाचं म्हणाल तर खोटं बोलणार नाही. स्पर्धा खेळायच्या तर प्रवास, मैदानाचे पैसे, शिकवणाऱ्याची फी, वाढत्या वयात दर दोन वर्षांनी काठ्यांची लांबी बदलणं, सगळं लागतं. दिग्रसहून नागपूर लांब आहे, रोज जाणं शक्य नाही. पण दारं अगदीच बंद नाहीत. दिल्लीचे अली शेर कॅडी म्हणून लोकांच्या थैल्या उचलत उचलत शिकले आणि 1991 साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. पुढं 1993 साली पुन्हा जिंकले. पुण्याला येरवड्यात पूना गोल्फ क्लब आहे. तुमचे कोणी नातलग पुण्यात असतील तर उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या सरावाच्या पट्ट्यावर मुलीला आठ दिवस नेऊन आणा. पहिल्या दिवशी तिचा हात काय म्हणतो हे तिलाच कळेल. नाही आवडलं तर आठ दिवसांत कळलं, तेही बरंच.

एक विनंती. तिच्यासाठी लगेच काठ्यांचा पूर्ण संच घेऊ नका. खेळात चौदा काठ्यांपर्यंत परवानगी आहे, म्हणून दुकानदार चौदा दाखवतो. तिला पटर, 7 नंबर आणि एक तिरप्या तोंडाची, एवढ्या तीन जुन्या काठ्या पुरतात. बाईमाणसासाठी हलक्या दांड्याच्या मिळतात, मोठ्या माणसाची काठी कापून दिली तर ती जड पडते. मुलीच्या मापाची आहे का ते पाहायचं असेल तर तिला नीट उभं करून हात सैल सोडायला सांगा. काठीचं डोकं जमिनीवर टेकवल्यावर तिला मूठ धरण्यासाठी वाकावं लागलं तर लांबी कमी, मनगटं वर उचलावी लागली तर जास्त.

आणि मिस्टरांना पटर द्या एकदा हातात. एक पाऊल अंतर, वीस चेंडू लागोपाठ. एकोणीसवर अडले की मग बोलू.